‘फ्रॉस्टपंक’मधील श्रमव्यवस्था आणि एकोणिसाव्या शतकातील कारखाना कायदे : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

श्रमाचा इतिहास हा बहुतांशी कामाच्या तासांचा इतिहास आहे. कोणी किती वेळ राबावे, कोणत्या वयापासून राबावे आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांभोवती एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या कारखाना कायद्यांची मालिका उभी राहिली. हेच प्रश्न अलीकडे एका अनपेक्षित माध्यमातून, म्हणजे संगणकीय खेळातून, मांडले गेलेले दिसतात. पोलंडची राजधानी वॉर्सा येथील ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ या संस्थेने २४ एप्रिल २०१८ रोजी ‘फ्रॉस्टपंक’ हा खेळ प्रकाशित केला. नगर वसविणे आणि त्या नगराला जगविणे हे त्याचे स्वरूप. कादंबरी आणि चित्रपट यांना इतिहासाच्या आकलनाचे साधन मानण्यास अभ्यासक आता कचरत नाहीत. संगणकीय खेळाकडे मात्र पोरखेळ म्हणून पाहण्याची सवय अजून पुरती सुटलेली नाही. प्रस्तुत लेखात सदर खेळातील मनुष्यबळाची व्यवस्था तत्कालीन कायद्यांच्या पार्श्वभूमीवर तपासली आहे.

खेळाचा काळ १८८६ हा आहे, परंतु तो घडलेला १८८६ नव्हे. पृथ्वीवर अकस्मात हिमयुग अवतरते, लंडन सोडून निघालेले लोक उत्तरेकडे कोळशावर चालणाऱ्या एका प्रचंड जनित्रापाशी पोहोचतात आणि त्याच्याभोवती वर्तुळाकार वस्ती उभारतात. खेळणारा हा या वस्तीचा नायक, म्हणजे ‘कॅप्टन’ असतो.

हात आणि तोंडे

मुख्य कथाभागाच्या आरंभी नायकाच्या हाती अवघी ८० माणसे असतात. त्यांत कामगार, अभियंते आणि मुले असे तीन वर्ग आहेत. अभियंत्याला कामगाराचे काम देता येते, पण कामगाराला दवाखान्यात किंवा संशोधनाच्या कार्यशाळेत नेमता येत नाही. त्यामुळे वस्तीची खरी अडचण केवळ माणसे कमी असण्याची नसते. योग्य माणूस योग्य जागी नसण्याची असते. कोळसा उपसायला माणसे लावावीत तर लाकूड थांबते, शिकारी पाठवावेत तर लाकूड आणि पोलाद गोळा करणारे हात कमी पडतात, आणि थंडीने आजारी पडलेला प्रत्येक कामगार एकीकडे काम सोडतो व दुसरीकडे अभियंत्याचा वेळ घेतो.

या खेळात मूल जन्माला येत नाही आणि आलेले मूल मोठेही होत नाही, कारण कथेचा कालावधी काही आठवड्यांचाच आहे. श्रमशक्ती वाढविण्याचा मुख्य मार्ग असा : शोधपथके बर्फात पाठवायची आणि सापडतील ते निर्वासित आणायचे. येथे खेळाची रचना इतिहासाच्या फार जवळ येते. येणारा प्रत्येक जण दोन हात घेऊन येतो, तसेच एक तोंडही घेऊन येतो; त्याला त्याच रात्री निवारा आणि अन्न लागते, त्याच्या श्रमाचे फळ मात्र नंतर मिळते.

उत्तर अमेरिकेतील जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीचा अनुभव नेमका हाच आहे. मे १६०७ मध्ये तेथे सुमारे शंभर पुरुष व मुलगे उतरले. त्यांत अंगमेहनतीची सवय नसलेल्या ‘सभ्य गृहस्थां’चा भरणा मोठा होता. जो काम करणार नाही त्याला अन्न मिळणार नाही, हा कॅप्टन जॉन स्मिथने लावलेला नियम प्रसिद्धच आहे. १६०९ च्या उन्हाळ्यात नवी जहाजे शेकडो माणसे घेऊन आली, परंतु पुरेसा धान्यसाठा आला नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात, ज्याला ‘उपासमारीचा काळ’ म्हटले जाते, वसाहत जवळजवळ नष्ट झाली. १६१० च्या वसंतात सुमारे ६० लोक जिवंत उरले होते. पुढे तेथे लष्करी धर्तीची कठोर संहिता आली आणि कामचुकारपणा हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. मनुष्यबळ वाढले म्हणजे वस्ती बळकट झाली असे नव्हे. साठ्याचा आणि माणसांचा मेळ बसण्यावर सर्व अवलंबून असते, हे जेम्सटाउनने फार मोठी किंमत देऊन दाखविले.

दहा तासांचा दिवस

‘फ्रॉस्टपंक’मधील सामान्य कामाचा दिवस सकाळी आठ ते सायंकाळी सहा असा दहा तासांचा आहे. गरज पडल्यास नायक कायदा करून तो चौदा तासांचा करू शकतो, किंवा एखाद्या कामाच्या ठिकाणी सलग चोवीस तासांची तातडीची पाळी लावू शकतो. पहिल्याने असंतोष वाढतो. दुसऱ्याचा वारंवार उपयोग केल्यास माणूस कामावरच मरण्याची शक्यता असते.

दहा तासांचा हा आकडा रचनाकारांनी जाणीवपूर्वक निवडला किंवा कसे, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी इतिहासाच्या अभ्यासकाला तो ओळखीचा आहे. १८४७ च्या ‘टेन अवर्स ॲक्ट’ने कापड गिरण्यांतील स्त्रिया व १३ ते १८ वयाची मुले यांच्यासाठी दिवसाला दहा तासांची मर्यादा घातली. त्यापूर्वी दीड दशकाहून अधिक काळ त्यासाठी सभा, अर्ज आणि चळवळ चालली होती. प्रौढ पुरुषांचे तास मात्र या कायद्याने ठरविले नाहीत. ते स्वतंत्र करार करण्यास समर्थ आहेत, त्यांना कायद्याच्या संरक्षणाची आवश्यकता नाही, अशी त्यामागची भूमिका होती. खेळात ज्या कोळशावर सारे जीवन अवलंबून आहे, तो कोळसा काढणाऱ्या प्रत्यक्ष ब्रिटिश खाणकामगारांना आठ तासांचा कायदा मिळण्यास १९०८ साल उजाडावे लागले. घडलेल्या १८८६ च्या १ मे रोजी अमेरिकेत आठ तासांच्या मागणीसाठी लाखो कामगारांनी संप पुकारला होता, याचीही येथे आठवण ठेवणे योग्य ठरेल.

मुलांचा प्रश्न

खेळातील सर्वांत कठीण निर्णय मुलांविषयीचा आहे. नायकापुढे दोन वाटा असतात. एक, मुलांना आधी कमी धोक्याच्या व नंतर सर्व प्रकारच्या कामाला लावणे. दुसरी, त्यांच्यासाठी आश्रयगृहे बांधून पुढे त्यांना अभियंत्यांच्या किंवा वैद्यांच्या हाताखाली उमेदवार म्हणून देणे. एक वाट निवडली की दुसरी बंद होते. आरंभीच्या ८० जणांत मुलांची संख्या उपेक्षणीय नाही. साहजिकच पहिली वाट मोहात पाडते.

हा मोह गिरणीमालकांनाही पडला होता. १८०२ च्या कायद्याने गिरण्यांतील उमेदवार मुलांना बारा तासांची मर्यादा घातली, पण ती पाळली जाते की नाही हे पाहणारी प्रभावी यंत्रणा नव्हती. १८१९ च्या कायद्याची स्थिती फारशी वेगळी नव्हती. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना रेशीम वगळता इतर कापड गिरण्यांत बंदी केली, ९ ते १३ वयासाठी आठवड्याला ४८ तास ठरविले, रोज दोन तासांचे शिक्षण बंधनकारक केले आणि प्रथमच सरकारी निरीक्षक नेमले. सबंध देशासाठी ते फक्त चार होते! १८७८ च्या कायद्याने कारखान्यात दहा वर्षांखालील मूल ठेवण्यास मनाई केली, तर १८८० मध्ये ५ ते १० वयाच्या मुलांची शाळेतील उपस्थिती सक्तीची झाली. म्हणजेच खेळातील नायक जेव्हा मुलांना कामाला जुंपतो, तेव्हा तो आपल्या काळाची रीत चालवीत नाही. लंडनहून आलेल्या माणसांना तो अर्धशतक मागे नेतो. खेळाविषयी लिहिताना ‘तो काळच तसा होता’ असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे.

त्याच ब्रिटिश सत्तेखालील मुंबईत मात्र स्थिती निराळी होती. १८८१ च्या पहिल्या भारतीय कारखाना कायद्यानुसार सात वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तास काम देता येत असे आणि शंभराहून कमी कामगारांच्या कारखान्यांना तो कायदा लागूच नव्हता. या कायद्यामागे लँकेशायरच्या मालकांचा व्यापारी स्वार्थही होता, हे अभ्यासकांनी नोंदविले आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास साहाय्य, अशा त्यातील मागण्या होत्या. रविवारची सुटी १८९० मध्ये मान्य झाली. ‘फ्रॉस्टपंक’च्या नगरात आठवड्याची सुटी नाही, आणि वेतनही नाही.

कायदा कोणाचा ?

सदर खेळाची मोठी उणीव येथेच दिसते. त्यात प्रत्येक कायदा नायकाच्या स्वाक्षरीने होतो. लोक आशा आणि असंतोष या दोन मोजपट्ट्यांच्या रूपाने दिसतात; ते तक्रार करतात, मागणी करतात, पण संघटना बांधत नाहीत. पुढे नायकाला ‘सुव्यवस्था’ किंवा ‘श्रद्धा’ यांपैकी एक मार्ग निवडता येतो. पहिल्यात पहारेकरी आणि मुकादम येतात, दुसऱ्यात प्रार्थनागृहे. दोन्हींचा परिणाम शेवटी उत्पादनावर मोजला जातो. इतिहासात तासांची मर्यादा वरून आली नाही. तिच्यामागे खालून आलेला रेटा होता, मग कायद्यावर सही कोणाचीही असो.

रचनाकारांना ही त्रुटी जाणवली असावी. जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द लास्ट ऑटम’ हा पुरवणी भाग हिमयुगापूर्वीचा, जनित्राच्या बांधकामाचा आहे. येथे थंडी हा मुख्य शत्रू नसून मुदत हा शत्रू आहे. खोदकामातील विषारी वायू, असुरक्षित जागा आणि लांबलेल्या पाळ्या यांमुळे कामगार संप करतात, आणि नायकाला त्यांच्याशी वाटाघाटी कराव्या लागतात. कामगारांची बाजू घ्यावी की अभियंत्यांची, हा कायद्याचाच प्रश्न बनतो. अभियंत्यांची वाट पुढे कैद्यांच्या श्रमापर्यंत जाते. कामगार येथे प्रथमच मोजपट्टीतून बाहेर पडून समोर बसतो.

मूळ खेळात संपाचा धोका नसलेला एक कामगार आहे, तो म्हणजे महाकाय यंत्रमानव. तो रात्रंदिवस चालतो, आजारी पडत नाही आणि एका ठिकाणच्या सबंध तुकडीची जागा घेतो. मात्र त्यासाठी लागणारे ‘स्टीम कोअर’ दुर्मिळ आहेत. यंत्राने माणूस बेकार होण्याची भीती येथे नाही, कारण या नगरात माणसांचीच टंचाई आहे. लुडाइटांच्या इंग्लंडहून हे चित्र सर्वस्वी वेगळे आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘फ्रॉस्टपंक २’ प्रसिद्ध झाला. त्यातील कथा तीस वर्षांनंतरची आहे. कॅप्टन मरण पावला आहे आणि कायदे आता शंभर प्रतिनिधींच्या सभागृहात मतदानाने होतात. मते मिळविण्यासाठी गटांना आश्वासने द्यावी लागतात. पहिल्या खेळात प्रत्येक नागरिकाला स्वतःचे नाव होते, कोण कोणत्या खाणीत आहे हे पाहता येत असे. दुसऱ्या खेळात श्रमशक्ती हा कोळसा आणि अन्न यांच्या शेजारी लिहिलेला एक आकडा आहे.