गाडीला वळायला कुणी शिकवलं?

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा एक व्हिडिओ देशभर पाहिला गेला. दत्तात्रय लोहार या कारागिराने भंगारातले भाग जमवून आपल्या मुलासाठी छोटी जीप तयार केली होती. मोटारसायकलसारखी किक मारून ती सुरू व्हायची. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. अशी गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल, हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाने ती स्वीकारली.

मी वाचलेल्या बहुतेक बातम्यांत खर्च किती आला आणि किक कशी मारतात, याचीच चर्चा होती. गाडी वळते कशी, हे फारसे कुणी विचारले नाही. पण घरी गाडी बनवणाऱ्याचा खरा घाम तिथेच निघतो. इंजिन भंगारात तयार मिळते, चाकेही मिळतात. स्टेअरिंग मात्र त्या गाडीच्या मापाने नव्याने जुळवावे लागते.

आपल्या बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. दोन चाके, दोन्ही आसावर आपापली मोकळी फिरणारी. बैल वळला की गाडी वळली. टांग्याचेही तसेच. अडचण सुरू होते ती चार चाकांपासून. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना आठवेल की पुढची चाके मागच्यांपेक्षा लहान असत. ती शोभेसाठी नव्हती. वळताना पुढचा अख्खा आस मधल्या खिळ्याभोवती फिरायचा आणि चाके गाडीच्या पोटाखाली यायची, म्हणून ती लहान ठेवावी लागत. अशा गाडीचा दोष म्हणजे जोरात वळवली की पुढचा आधार अरुंद होतो आणि ती कलंडते.

कोकणात लहानपणी ज्याने बेअरिंगची गाडी चालवली आहे, त्याला हे पुस्तकाशिवाय कळते. एक फळी, मागे पक्का दांडा, पुढे एका बोल्टवर फिरणारा दांडा, त्यावर दोन पाय आणि हातात सुतळी. उतारावर पाय जरा जास्त दाबला की गुडघे फुटलेच! व्हिक्टोरियाची आणि या फळीची रचना एकच.

यावरचा उपाय तसा जुना आहे. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास तो सुचवला होता. पुढे म्युनिकचे बग्गी बनवणारे कारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी तो प्रत्यक्षात आणला. आस जागेवर पक्का ठेवायचा आणि प्रत्येक चाक आपापल्या खिळ्यावर वळवायचे, ही त्यांची युक्ती. इंग्लंडमध्ये १८१८ साली तिचे पेटंट घेतले ते लंडनचे प्रकाशक रुडॉल्फ आकरमन यांनी, लांकेनश्पेर्गर यांचे प्रतिनिधी म्हणून. आज जगभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ही रचना ‘आकरमन स्टेअरिंग’ म्हणूनच शिकवतात. ज्याच्या हाताला घट्टे पडले, त्याचे नाव मागे राहिले. कागद ज्याच्या नावाने निघाला, त्याचे नाव चालले.

मोटारगाडी आली तेव्हाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली ज्या मोटारीचे पेटंट घेतले, तिला तीनच चाके होती. चार चाकांचे वळण त्यांना मनासारखे जमत नव्हते, म्हणून त्यांनी पुढे एकच चाक ठेवले. ते जमायला १८९३ उजाडले. तोवर गोल स्टेअरिंगही रुळलेले नव्हते. होडीच्या सुकाणूसारख्या दांड्याने मोटार हाकत. १८९४ च्या पॅरिस-रुआं शर्यतीत आल्फ्रेड वाशरों यांनी आपल्या गाडीला गोल चाक लावले, ते पुढे सगळ्यांनी उचलले. मुले आज जिला ‘गो-कार्ट’ म्हणतात, ती तर फार अलीकडची. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पाइपच्या सांगाड्यावर गवत कापायच्या यंत्राचे इंजिन बसवून पहिली कार्ट बनवली.

महाराष्ट्रातही असे धाडस दत्तात्रय लोहारांच्या आधी झालेले आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास ‘मीरा’ नावाची छोटी मोटार बनवायला घेतली. इंजिन मागे, हवेने थंड होणारे. पुढची दोन-अडीच दशके ते तिचे नवे नमुने बनवत राहिले. गाडी रस्त्यावर धावली, पण कारखाना काही उभा राहिला नाही.

हे सगळे लिहायचे कारण आमच्या बोर्ली पंचतनमध्ये घडले. माझ्या भाच्याने आणि त्याच्या दोस्तांनी मोबाईलवर जुन्या जमान्याच्या मोटारी पाहिल्या आणि तशी कार्ट बनवायचे ठरवले. चौकोनी पाइपचा सांगाडा, मोडीत निघालेल्या मोपेडचे इंजिन आणि तारांची चाके, पत्र्याच्या पिंपाचे लांब बॉनेट, समोर दोन गोल दिवे. पहिल्या वेळी मुलांनी पुढचा आस बेअरिंगच्या गाडीसारखाच एका बोल्टवर बसवला. शेतात भात कापल्यावर मोकळ्या खाचरात ती फिरवली, तर वळणावर एक बाजू उचलू लागली.

मग ती गेली मिस्त्री चाचांकडे. चाचांनी आखाती देशांत बरीच वर्षे गॅरेजात काढली आणि आता गावातच काम करतात. त्यांनी दोन्ही चाकांना वेगवेगळे खिळे करून दिले आणि मधे जोडदांडी टाकली. गाडी कलंडायची थांबली. पण मुलांनी दांडीचे हात चाकाला सरळ समांतर जोडून घेतले होते, त्यामुळे सिमेंटच्या अंगणात वळताना पुढचे टायर घासून चर्र वाजायचे. चाचा म्हणाले, “आतलं चाक लहान गोलात फिरतं, बेटा. त्याला जास्त वळायला हवं. दोघांना सारखं वळवलं तर एक ओढलं जाणारच.”

त्यांनी सुतळी घेतली. तिचे एक टोक पुढच्या चाकाच्या खिळ्यावर धरले आणि दुसरे मागच्या आसाच्या बरोबर मध्यावर. त्या रेषेवर लोखंडी हात तिरका वेल्ड केला. दुसऱ्या बाजूलाही तसेच. दांडी आसाच्या मागे आली. आता चाक फिरवले की आतले चाक आपोआप जास्त वळू लागले. मग खिळ्यांची वरची टोके किंचित मागे झुकवली. सायकलचा पुढचा चिमटा असतो तशी. त्यामुळे वळण संपल्यावर स्टेअरिंग स्वतःच सरळ होऊ लागले. चेन त्यांनी मागच्या एकाच चाकाला दिली, म्हणजे वळताना दुसरे मोकळे फिरते. आणि मुलांना बजावले की दुचाकीची तारांची चाके आडवा जोर सहन करायला केलेली नसतात, तेव्हा वेग आवरा. गाडी रस्त्यावर न्यायची नाही, हेही सांगितले. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मंजुरी आणि नोंदणीशिवाय ती तिथे चालवता येत नाही आणि दिवेआगरच्या रस्त्यावर पर्यटकांची वर्दळ असते.

सुतळीची ही रीत पुस्तकात शार्ल झांतो यांच्या नावे आढळते, साल १८७८. चाचांनी ना झांतोचे नाव ऐकले, ना आकरमनचे. त्यांना ती त्यांच्या उस्तादाने दाखवली, उस्तादाला त्याच्या उस्तादाने.

मला इथे अल-जझरी आठवतात. १२०६ साली त्यांनी यंत्रांवर ग्रंथ पूर्ण केला. तो नुसता चमत्कारांचा संग्रह नव्हता. कोणता भाग केवढा, कसा ओतायचा, कुठे जोडायचा, हे त्यांनी आकृत्यांसह लिहिले. वाचणाऱ्या कारागिराला तेच यंत्र पुन्हा बनवता यावे म्हणून. दरबारात नोकरी करणारे ते स्वतः हाताने काम करणारे कारागीर होते. आठशे वर्षांनीही त्यांचे नाव घेतले जाते, कारण त्यांनी लिहून ठेवले.

आमच्या श्रीवर्धन-म्हसळ्याच्या भागाचा इतिहास म्हटला की जंजिऱ्याचे सिद्दी, किल्ला आणि कलालबांगडी तोफ. तोफेचे वजन सांगणारे पुष्कळ भेटतात. ती ओतणाऱ्या हातांविषयी कुणी बोलत नाही. मुसलमानांच्या इतिहासावर आपण वाद घालतो तोही सुलतान आणि नवाबांवरून. समाजातली कितीतरी मुले ज्या गॅरेजांत घडली, त्या गॅरेजांचा इतिहास कुणाच्या वहीत नाही. आता विजेवरच्या गाड्या येत आहेत, कार्ब्युरेटर जुळवणारे उस्ताद म्हातारे होत आहेत. त्यांच्याबरोबर सुतळीची रीतही जाईल.

भाच्याला मी एक काम सांगितले आहे. गाडीचे प्रत्येक माप, दोन खिळ्यांतले अंतर, हातांचा तिरकेपणा, सगळे आकृतीसह मराठीत वहीत उतरवायचे आणि पहिल्या पानावर चाचांचे नाव लिहायचे. वाचकांपैकी ज्यांच्या गावात असा मिस्त्री असेल, त्यांनीही एक वही घेऊन त्याच्याकडे जावे.