मोटारसायकल, लांब पल्ल्याची : निवड व जुळणी

दिवसाकाठी दोनशे-तीनशे किमी. जाऊनही पाठ, मनगटे आणि बूड धड राहावे, यासाठी केलेली गाडीची निवड व चालवणाऱ्याच्या अंगलटीप्रमाणे केलेली तिची जुळणी.

छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरील बिडकीनहून (ता. पैठण) निघणाऱ्याचा निम्मा निर्णय रस्ताच करतो. ७०१ किमी.च्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. त्यामुळे लोणार असो, अजिंठा असो की पंढरपूर, जायचे ते जुन्या रस्त्यांनीच : उसाच्या ट्रॉल्या, गावोगावचे गतिरोधक आणि काळ्या मातीवर कुठे खचलेले, कुठे फुगलेले डांबर. इथे ताशी १२०चा वेग जाहिरातीपुरता. साठ-सत्तरच्या वेगात हाताला मुंग्या न आणणारे इंजिन आणि खड्डा गिळणारे शॉकॲब्सॉर्बर हवेत. सीसीचा आकडा त्यानंतर पाहावा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर डबल सीट पंढरपूर गाठणारेही पुष्कळ आहेत.

ॲव्हेंजरसारखी (२००५) पाय पुढे सोडून बसायची गाडी दुकानात फार ऐसपैस वाटते. पण पायांवर भार घेऊन उठता येत नसल्याने प्रत्येक गतिरोधक थेट माकडहाडाला कळतो. हिमालयन (२०१६) वा एक्सपल्स २०० (२०१९) या गाड्यांवर फूटरेस्टवर उभे राहून खड्डा पार करता येतो. मात्र हिमालयनच्या पहिल्या गाडीची सीट ८०० मिमी. उंच होती. दोन्ही पाय नीट टेकत नसतील तर भरल्या सामानानिशी बाजारपेठेत तोल सांभाळणे जिकिरीचे.

जुळणीची सुरुवात हँडलपासून करावी. क्लॅम्प सैल करून हँडल असे फिरवावे की कोपर किंचित वाकलेले राहील. क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली झुकवावेत, म्हणजे मनगट मोडत नाही. मऊ गादीचा मोह टाळावा : तासाभरात ती दबते आणि खालचा पत्रा टोचू लागतो. घट्ट, रुंद फोम बरा. मागे माणूस वा सामान असेल तर मागच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग एक-दोन खाचा कसावी. नाहीतर हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जड वस्तू बाजूच्या बॅगांत, खाली. कॅरियरवर फक्त हलके. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. चेनला साधारण दर ५०० किमी.ला तेल, धुळीच्या दिवसांत त्याआधीच.

पूर्ण सामान लादून पैठणला एक फेरी मारून यावी. तळहात बधिरला तर हँडल किंवा पकड चुकली आहे, बूड दुखले तर गादी, मान आखडली तर वारा थेट हेल्मेटवर आदळतो आहे. परतल्यावर कॅरियरचे बोल्ट पुन्हा आवळावेत. एखादा तरी ढिला झालेला असतोच.