परवान्यावरचं नाव

जयपूरला बदली झाल्यापासून गावाकडचे लोक मला दोन प्रश्न विचारतात. पहिला : "राजस्थानात म्हणे घरोघरी बंदुका असतात, तिथल्या राज्याचा कायदाच तसा आहे का?" आणि दुसरा : "साहेब, तुम्ही फौजेत ऑफिसर, म्हणजे पिस्तूल घरीच असेल ना?" दोन्हींचं उत्तर "नाही" असं आहे. पण ते नुसतं सांगून भागत नाही. हे समज लोकांच्या मनात कुठून आले, त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली शेवटची दोन प्रकरणं आपल्या वर्दीशी संबंधित आहेत. म्हणून हा लेख.

आधी पहिला प्रश्न. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा बंदुकीचा कायदा वेगळा. तिथे राहणारे आपले मराठी नातेवाईक सांगतात, एका राज्यात जे चालतं ते शेजारच्या राज्यात गेलं की गुन्हा ठरू शकतं. आपल्याकडे तसं नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. त्यामुळे जयपूर असो, सातारा असो की बेळगाव, कायदा एकच : शस्त्र अधिनियम, १९५९. अंमलबजावणी मात्र जिल्ह्यात होते. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे, किंवा पोलीस आयुक्तालय असेल तिथे आयुक्ताकडे जातो आणि पोलीस चौकशी करून अहवाल देतात. कायदा एक आणि सही करणारे शेकडो. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यातून निघते.

या कायद्याचा बाप १८७८ सालचा. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केलीच होती. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना त्याला कायमचं रूप मिळालं. हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना हवा, युरोपियन माणसाला नको, असा तो सरळ हिशेब होता. त्याच वर्षी लिटननं देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला. पुढे रिपन आला आणि त्यानं १८८२ मध्ये वृत्तपत्रांचा कायदा रद्द केला. हत्यारांच्या कायद्याला मात्र हात लावला नाही. लेखणीपेक्षा बंदुकीची भीती सरकारला जास्त होती, एवढाच त्याचा अर्थ.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. जयपूर, जोधपूर, उदयपूर ही संस्थानं होती. तिथे दरबाराचा अंमल चालायचा आणि ठिकाणेदारांच्या गढीत तलवारी-बंदुका राहिल्या. जयगडावर आजही १७२० साली तिथेच ओतलेली जयवाण तोफ उभी आहे, आणि सिटी पॅलेसमधला सिलेहखाना पाहायला लोक तिकीट काढून जातात. राजस्थानात घरोघरी बंदुका, ही समजूत त्या काळातून आलेली. संस्थानं विलीन झाली, १९४९ मध्ये राजस्थान एक झालं आणि दरबाराची मोकळीक संपली. आता ठाकूरसाहेबांनाही परवान्यासाठी त्याच कचेरीत जावं लागतं.

आपल्या मुलखात या कायद्याची झळ लगेच लागली. वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. कायदा झाला १८७८ मध्ये आणि त्यांचं बंड १८७९ च्या फेब्रुवारीत. हत्यारांची टंचाई त्यांना पहिल्या दिवसापासून नडली.

तीस वर्षांनंतर तरुणांनी या कायद्याला दुसऱ्या मार्गानं वळसा घातला. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं मुंबईला पाठवली. इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या चतुर्भुज अमीनच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून ती आली. त्यातल्याच एका पिस्तुलानं अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकरांना मिळालेल्या दोन जन्मठेपांपैकी दुसरी ही पिस्तुलं पुरवल्याबद्दल होती. खरेदी, वाहतूक आणि मालकी, कायद्याची तिन्ही कलमं त्या एका ट्रंकेत होती.

काँग्रेसनं हा कायदा बदला म्हणून वर्षानुवर्षं ठराव केले. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता. मग तो संविधानात का आला नाही? संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, हा मूलभूत हक्क केला तर सराईत गुन्हेगारही तोच हक्क सांगत येईल. सभेनं दुरुस्ती फेटाळली. त्या दिवसापासून आपल्याकडे शस्त्र हा हक्क नाही. ती परवानगी आहे, आणि परवानगी माणूस बघून दिली जाते.

१९५९ चा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याची चौकट थोडक्यात अशी. वय २१ पूर्ण हवं. हत्यारांचे दोन वर्ग. एक प्रतिबंधित बोअरचा, म्हणजे ९ एमएम पिस्तुलासारखी लष्करी वापराची हत्यारं. त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयच देतं. दुसरा अप्रतिबंधित बोअरचा, म्हणजे .३२ रिव्हॉल्व्हर, बारा बोअर वगैरे. तो जिल्ह्यात मिळतो. सैनिकाचं सरकारी हत्यार कर्तव्यापुरतं या कायद्यातून वगळलेलं आहे. ते कोतमध्ये राहतं, सही करून बाहेर निघतं, सही करून आत जातं. खासगी हत्यार घ्यायचं तर मेजर असो वा जनरल, परवाना लागतोच. गावकऱ्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर.

पण कायद्यानं आणि लष्करी नियमांनी फौजी माणसाला थोडी सवलत दिली. का दिली? कारण या माणसाला हत्यार हाताळता येतं आणि तो शिस्तीत राहतो, असं सरकारनं गृहीत धरलं. लिटनच्या कायद्यात विश्वास कातडीच्या रंगावर होता, आता तो वर्दीवर आला. हा विश्वास राजस्थानात दोनदा मोडला.

पहिलं प्रकरण श्रीगंगानगरचं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून परदेशी पिस्तुलांची खासगी आयात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे बाजारात जुन्या विलायती हत्याराला सोन्याचा भाव आला. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर मिळत होतं, पण हौशी आणि पैसेवाल्या गिऱ्हाइकाला विलायती हवं असायचं. दुसरीकडे लष्करी अधिकाऱ्यांना ऑर्डनन्स डेपोतून 'नॉन सर्व्हिस पॅटर्न' हत्यारं, म्हणजे फौजेच्या सध्याच्या वापरात नसलेली हत्यारं, स्वतःसाठी स्वस्तात विकत घेता यायची. विकायची झाली तर कोणाला आणि कधी, याचे लष्करी आदेश होते. डेपोतला भाव आणि बाजारातला भाव यांत एवढी दरी पडली की तिथे दलाल उभा राहणारच होता. २००७ मध्ये श्रीगंगानगरात उघड झालं की अनेक अधिकाऱ्यांनी अशी हत्यारं नियम डावलून नागरिकांना विकली आहेत. त्यांत प्रतिबंधित बोअरचीही होती. प्रकरण जनहित याचिकेवरून न्यायालयात गेलं, लष्करानं चौकशी केली, शिक्षाही झाल्या. त्या शिक्षा फार सौम्य आहेत अशी नाराजी थेट सर्वोच्च न्यायालयात व्यक्त झाली. आपल्या मेसमध्ये हा विषय निघाला की लोक अजून पेल्याकडे बघायला लागतात. मला वाटतं, बोलायला हवं. त्या पिस्तुलांवर कुणी चोरकप्पा केला नव्हता. ती आपल्या नावावर, आपल्या सहीनं बाहेर गेली.

दुसरं प्रकरण २०१७ चं, आणि त्याचा उलगडा इथूनच झाला. राजस्थान पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकानं 'ऑपरेशन जुबैदा' या नावानं कारवाई केली. राजस्थान आणि आसपासच्या लोकांकडे जम्मू-काश्मीरच्या जिल्ह्यांतून निघालेले परवाने सापडत होते. तिथे तैनात असलेल्या जवानाला तिथल्या कचेरीतून परवाना मिळू शकायचा. दलालांनी नेमकी हीच वाट धरली. खोटी कागदपत्रं करून, अर्जदार फौजी आहे असं दाखवून परवाने काढले आणि ज्यांनी छावणीचं फाटकही पाहिलं नव्हतं अशांना विकले. पुढे तपास सीबीआयकडे गेला. २०१२ ते २०१६ या काळात बेकायदा दिले गेल्याचा संशय असलेल्या परवान्यांचा सीबीआयनं सांगितलेला आकडा २.७८ लाखांवर आहे. काही सनदी अधिकाऱ्यांनाही अटक झाली. दोष कुणाचा किती, हे न्यायालय ठरवेल.

ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात खऱ्या फौजीनं आपलं नाव विकलं. दुसऱ्यात खोट्या माणसानं फौजीचं नाव चोरलं. पण दोन्हीकडे बाजारात ज्या मालाला किंमत होती, तो माल लोखंड नव्हता. ते नाव होतं. फौजीच्या नावावर कचेरीतला कारकून प्रश्न कमी विचारतो, यावर तो धंदा उभा होता. आणि त्याचं नुकसान प्रामाणिक माणसाला होतं. आज निवृत्त हवालदार बँकेत गार्डची नोकरी मिळावी म्हणून बारा बोअरचा परवाना मागायला जातो, तेव्हा त्याच्या डिस्चार्ज बुकाकडे दोनदा बघितलं जातं. त्याला राग येतो. तो राग मी समजू शकतो, पण ते दोनदा बघणं मला चूक वाटत नाही.

कायदा आता घट्ट झाला आहे. २०१६ च्या नियमांनुसार प्रत्येक परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय डेटाबेसमध्ये लागते आणि त्याला एक ओळख क्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवली. आधी तीन चालायची. मूळ मसुद्यात एकच होतं, पण वाडवडिलांच्या हत्यारांचं काय, असा आक्षेप आला आणि दोनवर तडजोड झाली. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. अप्रतिबंधित हत्यार विनापरवाना सापडलं तर आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणं हा स्वतंत्र गुन्हा झाला : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जयपूरच्या लग्नसराईत याची गरज कळते. आपल्याकडेही 'फौजी मामा' आला की "एक बार उडवा की" म्हणणारे असतात. मामानं नाही म्हणायचं.

माजी सैनिकांसाठी तीन गोष्टी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण फोन याच तीन गोष्टींसाठी येतात.

एक, वाहतूक. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते एका राज्यापुरतं असेल तर हत्यार दुसऱ्या राज्यात नेण्याआधी परवानगी घ्या. जयपूरहून कोल्हापूरला जाताना मध्ये गुजरात किंवा मध्य प्रदेशही लागतो, हे विसरू नका. हत्यार होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत पूर्ण झाकलेलं असावं, मूळ परवाना सोबत असावा. विमानात ते रिकामं करून, आधी सांगून, चेक-इन सामानातच जातं.

दोन, पत्ता. निवृत्तीनंतर घर बदललं की नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कळवा. परवाना काढला एका टोकाला आणि माणूस राहतो दुसऱ्या टोकाला, हीच फट दलालांनी वापरली.

तीन, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वारसा. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक गेला की कपाटातली बंदूक त्या क्षणापासून विनापरवाना होते, आणि हे बहुतेक विधवांना आणि मुलांना माहीत नसतं. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहत राहतात आणि नकळत गुन्हा करत राहतात. अशा वेळी हत्यार लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, मग वारसाच्या नावानं अर्ज करायचा. त्याहून सोपं म्हणजे, वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असलं की हयातीतच वारसाच्या नावे करण्याची सोय नियमांत आहे. ती वापरा. आणि मुलाला बंदूक नको असेल तर स्वतःच्या हातानं विक्रेत्याकडे देऊन टाका. तेही सैनिकाला शोभणारंच काम आहे.

शस्त्रकायदा जन्मला तेव्हा सरकारला आपल्यातल्या कुणावरच विश्वास नव्हता. आज थोडा आहे, आणि तो आपल्या नावावर नोंदवलेला आहे. सरकारी हत्यार कोतमध्ये परत केलं की नोंदवहीत सही होते आणि जबाबदारी संपते. खासगी हत्याराला असा कोत नसतो. त्याची नोंदवही आपल्यालाच ठेवावी लागते.