संयुक्त छायाचित्रण

संयुक्त छायाचित्रण : दोन वा अधिक छायाचित्रांचे भाग जोडून अथवा एकमेकांवर बसवून एकच चित्र सिद्ध करण्याची पद्धती. चित्रे शेजारीशेजारी जोडल्यास विस्तृत दृश्यपट म्हणजेच पॅनोरमा तयार होतो, तर एकावर एक बसविल्यास थरांचे चित्र मिळते.

या पद्धतीचा विकास मुख्यतः तत्कालीन साधनांच्या मर्यादांमुळे झाला. १८५१ पासून प्रचारात आलेली ओली कलोडियन काचपट्टी निळ्या प्रकाशास अतिसंवेदनशील होती. त्यामुळे जमिनीचा तपशील उमटेपर्यंत आकाश कोरे पांढरे होई. यावर उपाय म्हणून ग्यूस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्र व आकाश यांच्या स्वतंत्र निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडून छापल्या. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेयलँडर याने ‘द टू वेज ऑफ लाइफ’ (१८५७) या चित्रासाठी तीसहून अधिक, तर हेन्री पीच रॉबिन्सन याने ‘फेडिंग अवे’ (१८५८) यासाठी पाच निगेटिव्ह वापरल्या. या चित्रांमुळे छायाचित्र ही कलाकृती की वस्तुस्थितीची नोंद, असा वाद निर्माण झाला.

हा प्रश्न मुंबईच्या इतिहासाच्या अभ्यासकांसही टाळता येत नाही. विल्यम जॉन्सन याच्या मुंबईतील विविध समाजांविषयीच्या सचित्र ग्रंथात (दोन खंड, १८६३ व १८६६) वेगळ्या टिपलेल्या व्यक्तींची चित्रे निराळ्या देखाव्यांवर बसविलेली आढळतात. वेशभूषेच्या अभ्यासास ती उपयुक्त आहेत. तथापि त्या व्यक्ती त्या स्थळी उभ्या होत्या, असा निष्कर्ष त्यांवरून काढता येत नाही.

दृश्यपटात जोड बेमालूम साधणे हे मुख्य कौशल्य असते. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराचा ३६०° दृश्यपट १३ काचपट्ट्यांवर घेतला. अशा कामी कॅमेरा एकाच बिंदूभोवती फिरवावा लागतो. तो बाजूस सरकल्यास जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंच्या तुलनेने जागा बदलतात व सांधे जुळत नाहीत. शेजारच्या चित्रांत काही भाग सामाईक असावा लागतो आणि प्रकाशमान सारखे राखावे लागते.

संगणकामुळे हे काम सुलभ झाले. फोटोशॉप या प्रणालीत १९९४ मध्ये थरांची सोय आली. तीमुळे मूळ चित्रास धक्का न लावता प्रत्येक भाग स्वतंत्रपणे सुधारता येऊ लागला. सामाईक खुणा ओळखून चित्रे आपोआप जोडण्याची पद्धत मॅथ्यू ब्राउन व डेव्हिड लो यांनी २००३ मध्ये मांडली. सांधा डोळ्यांस दिसेनासा झाला, तरी छायांची दिशा विसंगत असल्यास जोडकाम उघड होते. म्हणूनच नोंद म्हणून जतन करावयाच्या संयुक्त चित्रासोबत मूळ चित्रे व केलेल्या बदलांची टिपणे ठेवणे आवश्यक ठरते.