गोखल्यांचा तालुका आणि एन्रॉनचा जामीन

मंडळी, एन्रॉनचं नाव काढलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. कोणी म्हणतं प्रकल्प बुडवला, कोणी म्हणतं प्रकल्पाने बुडवलं. आज मला त्या भांडणात पडायचं नाही. मला लिहायचंय ते हिशेबाबद्दल. सरकार आपल्या वतीने कोणाला तरी जामीन राहतं, तेव्हा आपण निवडून दिलेलं सभागृह ते कागद कधी बघतं? सही व्हायच्या आधी, की पैसे द्यायची वेळ आल्यावर?

सुरुवात जरा मागून करतो, कारण हा प्रश्न विचारायला ज्यांनी देशाला शिकवलं ते आपल्याच जिल्ह्यातले.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ चा, कोतळूकचा. हे गाव आजच्या गुहागर तालुक्यात येतं. शाळेत आपण 'टिळकांचे विरोधक, नेमस्त' एवढंच शिकतो आणि पुढे सरकतो. पण गोखल्यांचं खरं काम आकड्यांचं होतं. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे त्यांनी विलायतेत साक्ष दिली. मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात त्यांचं पहिलं बजेटवरचं भाषण झालं. सरकार तिजोरीतली शिल्लक अभिमानाने दाखवत होतं. गोखल्यांनी उलटं विचारलं: रयत दुष्काळाने मोडली असताना ही शिल्लक आली कुठून? तर गरजेपेक्षा जास्त कर वसूल केल्यामुळे. भरभराटीची खूण म्हणून दाखवलेला आकडा त्यांनी रयतेवरच्या ओझ्याचा पुरावा म्हणून सरकारपुढे ठेवला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या सभागृहाला बजेटवर मत द्यायचा अधिकारच नव्हता. बोला आणि खाली बसा. तरीही दरवर्षी अभ्यास करून बोलण्याचा परिणाम झाला. मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता, तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. श्रेय एकट्या गोखल्यांचं नव्हे, पण सभागृहातला त्यांचा आवाज त्यात मोठा होता.

पुढे १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाची लोकलेखा समिती स्थापन झाली. गंमत म्हणजे १९५० पर्यंत तिचा अध्यक्ष खुद्द सरकारचा अर्थखात्याचा प्रमुखच असे. ज्याचं खातं, तोच तपासनीस! प्रजासत्ताक झाल्यावर हे बदललं. आज संसदेच्या लोकलेखा समितीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात. मंत्री तिचे सदस्य होऊ शकत नाहीत. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायचा संकेत आहे. कॅगचा अहवाल सभागृहात मांडला गेला की समिती सचिवांना समोर बसवून विचारते: हा खर्च का झाला, कोणी मंजूर केला?

सरकारी कंपन्यांसाठी वेगळी समिती यायला मात्र एक प्रकरण घडावं लागलं. १९५७ मध्ये एलआयसीने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. विमेदारांचा पैसा अडचणीतल्या उद्योगपतीकडे का गेला, हा प्रश्न लोकसभेत लावून धरला सत्ताधारी पक्षाच्याच फिरोज गांधी यांनी. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. सार्वजनिक उपक्रमांवर संसदेची स्वतःची समिती हवी, ही मागणी त्या वर्षांत बळावली आणि १९६४ मध्ये ती समिती आली. आपल्या विधानमंडळातही लोकलेखा समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती दोन्ही आहेत.

म्हणजे यंत्रणा होती. मग १९९२ मध्ये गुहागरात काय झालं?

बाहेरच्यांसाठी आधी एक खुलासा. प्रकल्पाचं नाव दाभोळ, पण दाभोळ गाव खाडीपलीकडे दापोली तालुक्यात. प्रकल्प उभा राहिला अलीकडे, अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या परिसरात. म्हणजे गोखल्यांच्याच तालुक्यात.

जून १९९२ मध्ये एन्रॉन आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात प्राथमिक करार झाला. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला. प्रकल्प गरजेपेक्षा मोठा आणि वीज महाग, असं तिचं म्हणणं होतं. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी २० वर्षांचा वीजखरेदी करार झाला. वीज घ्या किंवा घेऊ नका, प्रकल्प चालू स्थितीत आहे म्हणून ठरलेला आकार भरायचाच, आणि त्यातला मोठा भाग डॉलरशी बांधलेला. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकार हमीदार. राज्याने थकवले तर केंद्राची प्रतिहमी.

खरी मेख या हमीत आहे. आपल्या गावच्या सोसायटीत जामीनदार म्हणून सही करणाऱ्याच्या खिशातून त्या दिवशी एक रुपया जात नाही. घरीसुद्धा कोणाला कळत नाही. कळतं ते कर्जदार थकल्यावर, नोटीस दारात आल्यावर. सरकारचंही तसंच. बजेटमधला खर्च सभागृहाच्या मताला टाकावा लागतो. हमी मात्र सही होते त्या दिवशी खर्च नसते. घटनेच्या २९२ आणि २९३ या कलमांनुसार सभागृहाला कायदा करून हमीवर मर्यादा घालता येते. पण तशी मर्यादा घातलेली नसेल, तर मंत्रिमंडळाचा निर्णय पुरतो.

दुसरी मेख लेखापरीक्षणाची. वीज मंडळाची वही कॅग तपासत असे. पण दाभोळ पॉवर कंपनी खासगी. नंतर मंडळाचा त्यात हिस्सा आला, पण ५१ टक्क्यांच्या कितीतरी खाली, त्यामुळे ती सरकारी कंपनी ठरली नाही. वीज विकत घेणाऱ्याची वही सरकारी तपासनिसापुढे, विकणाऱ्याची बंद.

आणि बघा, विकणाऱ्याला प्रश्न विचारला गेला तो कुठे? वॉशिंग्टनमध्ये. या प्रकल्पामागे अमेरिकन सरकारच्या ओपिक आणि एक्झिम बँकेचा पैसा होता. जानेवारी १९९५ मध्ये एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे सांगितलं की भारतात लोकांना समजावण्यावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. आपल्या जिल्ह्यातल्या प्रकल्पाचा हा आकडा आपल्याला कळला तो परदेशी कायदेमंडळाच्या साक्षीतून. त्यावर इथे निवडणूक गाजली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, पण पक्षाचा चष्मा काढून बघा. काँग्रेसच्या सरकारने करार केला. युतीच्या सरकारने मुंडे समितीच्या अहवालानंतर ऑगस्ट १९९५ मध्ये तो रद्द केला, आणि काही महिन्यांत फेरवाटाघाटी करून आणखी मोठ्या प्रकल्पाला मान्यता दिली. वाजपेयींच्या १३ दिवसांच्या सरकारने मे १९९६ मध्ये, सभागृहातलं बहुमत सिद्ध झालेलं नसताना, प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केलं. इकडे ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस शिरले, बायाबापड्यांना मारहाण झाली. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. २००१ च्या सुरुवातीला मंडळाची देणी थकली, कंपनीने हमी वटवायला काढली, मे अखेर प्रकल्प बंद, आणि २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉनचं दिवाळं.

चौकश्या झाल्या. मुंडे समिती मंत्र्यांची. गोडबोले समिती सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांची. तिने एप्रिल २००१ मध्ये कराराची चिरफाड केली. मग न्यायमूर्ती कुर्डूकर आयोग, त्याचं काम पूर्णत्वाला गेलंच नाही. तिन्ही सरकारने नेमलेल्या, आणि तिन्ही सही झाल्यानंतरच्या.

शेवटी निस्तरलं कोणी? जुलै २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली गेली, त्यात एनटीपीसी, गेल, सरकारी वित्तसंस्था आणि राज्याचं वीज मंडळ. २०१३ च्या अखेरीस गॅसअभावी निर्मिती थांबली, २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठी पुन्हा सुरू झाली. आता वही सरकारी आहे, कॅगच्या आणि संसदेच्या समितीच्या कक्षेत आहे. म्हणजे नफ्याची आशा होती तेव्हा वही बंद, तोट्याची वाटणी आली तेव्हा उघडी.

हे आज का लिहितोय? जैतापूर असो, बारसू असो, आपल्या जिल्ह्यात मोठ्या प्रकल्पांची चर्चा थांबणारी नाही. तुम्ही बाजूने असा की विरोधात, तो तुमचा हक्क. पण आमदार-खासदार दारात आले की तीन गोष्टी विचाराच. या प्रकल्पासाठी सरकारने कोणाला, किती रकमेची हमी दिली आहे? करार सभागृहाच्या पटलावर ठेवला आहे का? आणि कंपनीची वही कॅगला बघता येते का?

अजून एक. कॅगचे अहवाल आपल्याकडे अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडले जातात, दुसऱ्या दिवशी एखादी बातमी येते आणि विषय संपतो. ते अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. सगळा वाचू नका, ऊर्जा किंवा बंदरं, जे आपल्या भागाशी जोडलेलं आहे तेवढं वाचा. मग आपल्या आमदारांना पत्र टाका: या परिच्छेदावर समितीपुढे साक्ष झाली का, आणि खात्याने काय उत्तर दिलं? गोखल्यांकडे मताचा अधिकार नव्हता, तरी ते दरवर्षी विचारत राहिले. आपल्याकडे तर मत आहे.