टॅपेट कव्हरला घरी रंग देताय? आधी हे वाचा

शेवगाव : दसरा जवळ आला की ट्रॅक्टर, जीप, पाण्याचं इंजिन धुऊन-पुसून खंडेनवमीच्या पूजेला लावायची आपल्याकडे रीत आहे. अलीकडे तरुण पोरं बॉनेट उघडून इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणालाही रंग मारतात. पुस्तकात त्याला व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात, आपले फिटर टॅपेट कव्हर म्हणतात. काम घरी होण्यासारखं आहे. पण चुकलं तर रंगाचं नाही, इंजिनाचं नुकसान होतं.

हौस काही आपलीच नाही. इटलीच्या फेरारी कंपनीने 1957 साली एका रेसच्या गाडीच्या इंजिनावरची कव्हरं लाल रंगवली आणि गाडीचं नावच टेस्टा रोसा, म्हणजे लाल डोकं, असं ठेवलं.

कव्हर खोलण्याआधी भोवतालची माती, भुस्सा ब्रशने झाडून हवा मारून घ्या. कव्हर निघालं की खाली रॉकर आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा उघड्या पडतात. त्यावर लगेच स्वच्छ कापड किंवा प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधा. रंग वाळेपर्यंत इंजिन दोन दिवस उघडं राहतं आणि आपल्या अंगणात धूळ किती उडते ते सांगायला नको.

मग कव्हर कशाचं आहे ते बघा. लोहचुंबक चिकटलं तर पत्रा किंवा बीड, नाही चिकटलं आणि धातू असेल तर बहुतेक अॅल्युमिनियम. हे महत्त्वाचं अशासाठी, की काही ठिकाणी तेलकट सामान कॉस्टिकच्या पाण्यात टाकून धुतात. लोखंडाला ते चालतं, अॅल्युमिनियमला नाही. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं, फेस येतो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. नव्या गाड्यांत प्लॅस्टिकचं कव्हरही असतं, ते आहे तसंच राहू द्या.

धुणं हेच खरं काम. आधी डिझेल आणि ब्रश, मग गरम पाणी आणि भांड्याचा साबण, दोन-तीन वेळा. पेट्रोलने धुऊ नका, एका ठिणगीचं काम आहे. जुना रंग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, मग 180 आणि शेवटी 320 फिरवा. त्यानंतर थिनरच्या फडक्याने पुसा आणि परत बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं तिथेच रंगाला फोड येतो.

आता माझाच अनुभव. माझ्या जुन्या जीपचं कव्हर मी सँड ब्लास्टिंग करून आणलं. एकदम चकचकीत. पण कव्हरच्या आतल्या बाजूला, ब्रीदर पाइपच्या तोंडाशी, ऑइल अडवायला एक पत्रा रिबिटाने बसवलेला असतो. धुऊन वाळवलेलं कव्हर सकाळी सहज फरशीवर आपटलं तर त्या पत्र्यामागून चिमूटभर वाळू पडली. परत धुतलं, परत पडली. पाच वेळा धुतल्यावर थांबली. तसंच बसवलं असतं तर ती वाळू ऑइलबरोबर खाली उतरली असती आणि रंगाच्या हौसेपायी इंजिनकाम निघालं असतं. तेव्हापासून मी पॉलिश पेपरच वापरतो, आणि आतून रंग अजिबात देत नाही. आतला रंग गरम ऑइलने सुटून पापुद्रे निघतात, ते जाळीत अडकतात.

रंग घेताना सायलेन्सरचा घेऊ नका. डब्यावर 600 अंश लिहिलेलं बघून माणूस भुलतो. तो रंग खूप तापल्याशिवाय पक्का होत नाही आणि कव्हर तेवढं कधी तापतच नाही. इंजिनातलं ऑइल साधारण 90 ते 120 अंशांपर्यंत जातं. मग त्या कच्च्या रंगावर डिझेल सांडलं की तो हाताला येतो. इंजिन इनॅमल मागा. पत्र्याला खाली रेड ऑक्साइड, अॅल्युमिनियमला वॉश प्रायमर.

पॅकिंग बसते ती कड, बोल्टची भोकं आणि ऑइल भरायचं तोंड मास्किंग टेपने झाका. तोंडाला मास्क लावून उघड्यावर, वारा नसताना, चुलीपासून लांब रंग मारा. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या, मध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग दोन दिवस उन्हात. घरातल्या ओव्हनमध्ये भाजायचं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्यात परत खायचं करायचं असतं.

बसवताना पॅकिंग नवीच टाका. सिलिकॉन भरभरून लावू नका, आत पिळून आलेला तुकडा जाळी बंद करतो. बोल्ट मधून सुरू करून कडेकडे, आखूड पान्ह्याने, थोडे थोडे आवळा. जोर लावला तर पत्रा वाकतो आणि तिथूनच लिकेज सुरू होतं.

सगळ्या इंजिनालाच रंग देणार असाल तर ब्लॉकवरचा इंजिन नंबर टेपने झाका. तो रंगात बुजला तर पासिंगच्या वेळी खरवडत बसावं लागतं.

पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा वास येईल, घाबरू नका. दहा मिनिटं चालवून कडेने कोरडं बोट फिरवून बघा. आठवड्याने गार इंजिनावर बोल्ट परत एकदा हलके तपासा.