सिक्क्यावरील नाव आणि सोन्याचा कस

मध्ययुगीन दिल्लीत राज्याधिकाराच्या दोन खुणा मानल्या जात : शुक्रवारच्या नमाजातील खुतबा आणि टांकसाळीतला सिक्का. ज्याच्या नावे हे दोन्ही चालत, तोच सुलतान. त्यामुळे गादीचा वाद उपस्थित झाला की टांकसाळीला विलक्षण महत्त्व येत असे.

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीच्या रामचंद्र यादवांकडून अपार सुवर्ण नेले. त्याच वर्षी कडा येथे त्याने आपला चुलता व सासरा सुलतान जलालुद्दीन याचा घात केला. दिल्लीत जलालुद्दीनचा धाकटा पुत्र रुक्नुद्दीन इब्राहीम तख्तावर बसला व त्याच्या नावाचे सिक्केही निघाले. इकडे अल्लाउद्दीन वाटेत मंजनिकाने सोने उधळीत दिल्लीवर चालून आला. इतिहासकार बरनी सांगतो की, या सोन्याच्या मोहाने जलाली सरदार त्याला मिळाले. पुढे गादी स्थिर होताच त्यांपैकी बहुतेकांची मालमत्ता अल्लाउद्दीनने जप्त केली आणि सिक्क्यावर स्वतःला 'दुसरा सिकंदर' म्हणविले. महाराष्ट्राच्या सुवर्णाने दिल्लीच्या गादीचा निवाडा केला, तो असा.

इ. स. १३१६ मध्ये अल्लाउद्दीन वारला. त्यानंतर १३२० पर्यंत बालसुलतान उमर, कुत्बुद्दीन मुबारक, खुसरौ खान आणि घियासुद्दीन तुघलक अशी चार नावे सिक्क्यांवर आली. मुबारकने तर स्वतःस खलिफा म्हणवून घेतले व चौकोनी नाणीही पाडली.

या धामधुमीत दिल्लीच्या टांकसाळीशी संबंधित असलेले श्रीमाल जैन श्रावक ठक्कुर फेरू यांनी वि. सं. १३७५ (इ. स. १३१८) मध्ये 'द्रव्यपरीक्षा' हा प्राकृत-अपभ्रंश ग्रंथ आपल्या बंधूसाठी व पुत्रासाठी रचला. निरनिराळ्या राज्यांची नाणी, त्यांचे वजन, त्यांतील सोने, रुपे व तांबे आणि त्यांचे मूल्य यांची त्यात नोंद आहे. नाण्यावरील बिरुद कितीही भव्य असो, फेरूंच्या तराजूत त्यास वजन नव्हते. मोल ठरे ते धातूच्या कसावर. परमुलखाचे नाणे हाती आले की सराफाला हाच ठोकताळा उपयोगी पडे.

सुलतानांची नावे चार-सहा वर्षांत पुसली गेली. फेरूंची हस्तलिखित पोथी मात्र विसाव्या शतकात संशोधकांच्या हाती आली व छापली गेली. बिरुदांवर नव्हे, कसावर विश्वास ठेवणाऱ्या त्या सचोटीच्या व्यवहाराची साक्ष ती आजही देत आहे.